सुटलेला असेल तेवढाच केस

मार्च संपत आला की माझा फोन एकाच मागणीसाठी वाजू लागतो. "भाऊ, उन्हाळा लागला. याचे सगळे केस काढून टाका." मागणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात, कूलरसमोरून उठवत नाही. अशा दिवसांत अंगभर केस घेऊन वावरणाऱ्या मुक्या जनावराची दया येणं साहजिक आहे. कुत्र्यांच्या केसांची निगा राखणं हा माझा धंदा. जळगावात माझी छोटी जागा आहे आणि आठवड्यातून एकदा एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्याला जाऊन मी घरोघरची कामं करतो. या धंद्यातली माझी बरीच शक्ती लोकांच्या त्या दयेला योग्य वाट दाखवण्यात गेली आहे.

आपल्याकडे लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन आणि शित्झू जास्त. राठ केसांची कुत्री मोजकी. पण मिनिएचर श्नाउझर आता जळगावच्या बऱ्याच घरांत दिसतो, एखादा वायरहेअर्ड डॅशहंड असतो, आणि टिनटिनच्या चित्रकथांतला पांढरा स्नोवी ज्या जातीचा, तो वायर फॉक्स टेरियर धुळ्यातल्या एका घरी होता. या कुत्र्यांना दाढी असते, मिशा असतात, डोळ्यांवर भुवयांची झालर असते. लहान मुलं त्यांना आजोबा म्हणतात. माझं मन या जातींवर जडलं, कारण त्यांच्या केसांना समजून घेतल्याशिवाय त्यांना हात लावताच येत नाही.

त्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ आणि दाट. वरचा ताठ, बोटांना खरखरीत लागणारा. जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये ही कुत्री तबेल्यात नि शेतावर उंदीर-घुशी मारायला, बिळात शिरायला ठेवत. काटेरी झुडपातून जाताना वरचा थर कातडी वाचवतो, पाणी आत मुरू देत नाही, त्यावरचा चिखल वाळला की झटकला जातो. यातला प्रत्येक राठ केस काही महिने वाढतो, मग त्याची वाढ थांबते आणि मुळाशी पकड ढिली होते. लॅब्रॅडॉरचा असा केस आपसूक गळून सोफ्यावर, जेवणाच्या ताटात, काळ्या पँटवर पडतो. राठ केस बहुतांश तसाच अंगावर अडकून राहतो. तो बोटांनी ओढून काढायचा असतो. परदेशात त्याला हँड स्ट्रिपिंग म्हणतात. आमच्या गिऱ्हाइकांत आता केस वेचणं हा शब्द रूढ झाला आहे.

मशीन फिरवली की काय होतं, तेही सांगितलं पाहिजे. राठ केस टोकाकडे जाड आणि रंगाने गडद असतो, मुळाकडे बारीक आणि फिका होत जातो. मशीन त्याला मधेच कापते. जाड टोक जातं, बारीक फिकं बूड उरतं आणि आतला मऊ थर वरचढ होतो. मीठ-मिरी रंगाच्या श्नाउझरच्या एकेका केसावर गडद-फिके पट्टे असतात. त्यांच्यामुळेच तो रंग उठतो. वरचेवर मशीन लागली की तो पट्टा दिसेनासा होतो आणि कुत्रा एकसारखा करडा पडतो. हात फिरवला तर खरखर जाणवत नाही. मग याच मऊ केसांत गुंता होतो, ओल राहते, धूळ धरून बसते. मालक म्हणतो, हल्ली याला फार वास येतो.

हे सगळं मला मुळीच ठाऊक नव्हतं तेव्हा मी जळगावातल्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होतो. इंजेक्शनच्या वेळी कुत्रं धरणं, जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, टेबल पुसणं ही माझी कामं. त्याआधीचा वारसा मात्र केसांचाच. आजोबा धुळे तालुक्यातल्या गावांतून धोकटी घेऊन फिरत. वडिलांचं धुळ्यात पाचकंदील भागात सलून होतं. मी शाळेतून आलो की तिथे बसायचो, वस्तऱ्याला धार लावण्याचा चामडी पट्टा धरायचो. मी कुत्र्यांच्या केसांचं काम करणार असं ठरलं तेव्हा नातेवाइकांत बरंच बोलणं झालं. माणसांची दाढी सोडून कुत्र्यांची करणार का, पोराचं लग्न जमायचं कसं, असं सगळं. ते बोलणं मला लागलं होतं आणि अजूनही एखाद्या लग्नात तसा सूर कानावर आला की लागतंच. वडील त्यावर काही बोलले नाहीत. दुकान बंद करताना एवढंच म्हणाले, "डाव्या हातानं कातडी ताणून धरायची, उजवा हलका ठेवायचा. माणूस असो का जनावर, ज्याच्या अंगाला हात लागतो त्याला सगळं कळतं." पुढे पुण्यात हे काम शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात हेच शब्द पुन्हा ऐकले.

पुण्यातल्या त्या बाई वयाने मोठ्या होत्या. कुत्र्यांच्या प्रदर्शनांसाठी टेरियर तयार करून द्यायच्या. त्यांनी सुरुवातीला मला हत्यार दिलं नाही. नुसता हात फिरवायचा, आणि मानेवर, पाठीवर, कुशीत, मांडीवर केस कुठे किती लांब आहे, कुठे उभा राहतो, कुठे भोवरा आहे, ते डोळे मिटून सांगायचं. केस चिमटीत धरून जरासा उचलायचा. सुटणारा असेल तर तो वाटेत कुठेही अडत नाही. अडला की सोडून द्यायचा. ओढायचा तो नेहमी वाढीच्या दिशेने, मनगट न वळवता, एका वेळी थोडेच केस, आणि डाव्या हाताने कातडी ताणून. बोटं घसरू नयेत म्हणून खडूची भुकटी किंवा रबराच्या टोप्या. स्ट्रिपिंगची सुरी असते, पण ती बोथट हवी. तिला धार आली की ती केस ओढण्याऐवजी कापते, आणि मग हातात सुरी असून काम मात्र मशीनचंच होतं. पावडरीने माखलेली बोटं, शेजारी वाढत जाणारा केसांचा ढीग आणि टेबलावर झोपी गेलेलं कुत्रं हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. दुखत असतं तर ते झोपलं नसतं. कानामागे आणि पोटाखाली मात्र कातडी पातळ, तिथे मीही कात्री किंवा मशीनच वापरतो.

जळगावला परतल्यावर ही पद्धत लोकांना पटवणं अवघड गेलं. "केस उपटता? दुखत नाही का त्याला?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "मशीननं अर्ध्या तासात होतं ना, तुम्हाला तीन तास कशाला लागतात?" आणि तिसरा, अर्थातच, पैशांचा. मी तंत्र समजावून सांगायचो, ते ऐकून घ्यायचे आणि दुसरीकडे जाऊन मशीन फिरवून आणायचे.

ही गाठ सोडवली ती पारोळ्याकडच्या एका शेतकरी घरातल्या आजींनी. मुलगा पुण्याला नोकरीला, त्याने तिथून श्नाउझर आणलेला, आणि नोकरीच्या धावपळीत तो गावाकडे आईजवळ ठेवलेला. मी ओट्यावर पोतं अंथरून केस काढायला बसलो. आजी थोडा वेळ जवळ येऊन पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हाई ते कापूस येचानं कामच शे, भाऊ." मग त्यांनी स्वतः सांगायला सुरुवात केली. बोंड पुरतं उमललं की कापूस बोटाला लागताच सुटून येतो. अर्धवट उघडलेल्या बोंडात हात घातला तर कवडी निघते, पाला लागतो, बोटं फाटतात. म्हणून शेत एका दमात वेचत नाहीत. पहिला वेचा, मग थोडे दिवस थांबून दुसरा, मग तिसरा. मी ऐकतच राहिलो. राठ केसांच्या कुत्र्यांचे जाणकार नेमकं हेच करतात. एकदम सगळं अंग उघडं पाडायचं नाही. दर काही आठवड्यांनी जो थर सुटायला आला आहे तेवढाच काढायचा, म्हणजे खाली एक थर वाढत असतो, त्याच्या खाली आणखी एक, आणि कुत्रं कधी उघडं पडत नाही. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकांना तंत्र सांगणं सोडलं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत असं घर विरळा की ज्यात कोणीतरी कापूस वेचलेला नाही. कापसाचं नाव काढलं की पुढचं त्यांनाच कळतं.

मग उन्हाळ्याचं काय? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. ते अंग थंड करतं ते जीभ बाहेर काढून, धापा टाकून. केस सफाचट केल्याने त्याचं धापणं थांबत नाही, उलट दुपारचं ऊन थेट कातडीवर येतं. मेलेले केस आणि आतला गच्च झालेला थर काढून टाकला की हवा कातडीपर्यंत खेळते, आणि वर राहिलेला पातळ थर उन्हाला अडवतो. म्हणून खानदेशात मी मुख्य वेचणी फाल्गुनात उरकतो. मे उजाडेपर्यंत अंगावर नवा आखूड राठ केस आलेला असतो. बाकी सांगणं साधंच आहे. फिरायला पहाटे उजाडताना न्यावं. डांबरावर हाताचा तळवा ठेवून बघावा, आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. उभ्या गाडीत त्याला पाच मिनिटंही सोडू नये. जीभ गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटणारे दिसले तर साध्या पाण्याने अंग भिजवून पंख्याखाली घ्यावं आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावं. बर्फ ओतत बसू नये.

हस्की जातीची कुत्री जळगावात आणणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत कडक आहे. ती बर्फाळ मुलखातली. एसीच्या खोलीत वर्षातले चार महिने कोंडून ठेवलेलं कुत्रं मी पाहिलं आहे आणि मालकाच्या तोंडावर सांगितलं आहे की हा शौक त्या जिवाला महागात पडतो. आणि हस्की किंवा पॉमेरेनियन यांना टक्कल केलं तर कधी कधी केस महिनोन् महिने उगवतच नाहीत, जागोजागी चट्टे राहतात. पॉमेरेनियनच्या टकलाची मागणी मी घेत नाही. गिऱ्हाईक गेलं तर जावो.

केसांबद्दलची माझी जिज्ञासा वाढली ती डॉक्टरांनी दाखवलेल्या एका शोधनिबंधामुळे. 2009 साली सायन्स या नियतकालिकात आला होता. 80 जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांच्या तपासणीतून शास्त्रज्ञांना आढळलं की जातिवंत कुत्र्यांच्या केसांमधला बहुतेक सगळा फरक फक्त तीन जनुकांच्या वेगवेगळ्या जुळण्यांतून येतो. एक लांबी ठरवतं, एक कुरळेपणा, आणि तिसरं दाढी-मिशा, भुवया नि राठपणा. तिसऱ्याचं नाव आरएसपीओ2. लांबीचं जनुक आणि हे तिसरं एकत्र आलं की दाढी राहते पण अंगावरचे केस मऊ नि लांब होतात. हे कळलं आणि माझ्या मनातली एक जुनी शंका मिटली. मेहरूण तलावाकडे फिरायला जातो तेव्हा तिथल्या भटक्या कुत्र्यांत एखादं दाढीवालं दिसायचं. कोणत्यातरी पिढीत बाहेरून आलेलं ते जनुक गल्लीत उतरलं असणार. असं एक दाढीवालं पिल्लू एका रिक्षावाल्या दादांनी पाळलं आहे. त्याचे केस मी विनामोबदला काढतो आणि खरं सांगायचं तर त्याचा केस पैसे मोजून आणलेल्या अनेक श्नाउझरांपेक्षा अस्सल राठ आहे.

आता पाण्याविषयी. जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण रोज येत नाही, आणि बऱ्याच घरांत वापरायला बोअरचं पाणी असतं. ते जड. साबण नीट निघत नाही, केसांच्या बुडाशी पांढरा थर राहतो, मग खाज सुटते, मग कुत्रं स्वतःला चावतं. राठ केसांना वरचेवर आंघोळ लागतच नाही. उलट तिने केस मऊ पडतो आणि कातडीचं तेल जातं. रोज कोरडा ब्रश, आठवड्यातून एकदा कंगवा आणि दीड-दोन महिन्यांनी आंघोळ एवढं पुरतं. दाढी तेवढी जेवणानंतर ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी, नाही तर तिथे बुरशी धरते, लाल डाग पडतात. माणसाचा साबण लावू नये, कारण कुत्र्याची कातडी आपल्याइतकी आम्लधर्मी नसते. पाणीटंचाईच्या गावात कमी आंघोळीची ही जात शोभून दिसते, असं मी मालकांना सांगतो आणि ते मनापासून सांगतो.

कुत्र्याच्या पोटाबद्दल मला डोळे दिले ते घोडेवाल्यांनी. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. पूर्वी हे गाव धुळे जिल्ह्यात होतं, 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेलं. मी तिथे घोडे घ्यायला नाही, खरारा पाहायला जातो. पहाटेच्या थंडीत एकेक माणूस घोड्याच्या अंगावर खरारा फिरवत असतो. आधी उलट्या दिशेने मळ मोकळा करायचा, मग ब्रशने सुलट, शेवटी कोरड्या कापडाने पुसून घ्यायचं. तासभर काम चालतं आणि त्यात माणूस घोड्याच्या अंगाचा इंच न् इंच तपासून मोकळा होतो. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, चमक येण्यासाठी काय लावता? ते म्हणाले, "लावत काही नाही. चमक दावणीतून येते." म्हणजे चाऱ्यातून.

आमच्या घराघरांत कुत्र्याच्या दावणीत काय पडतं? वरण-बट्टीचा बेत असला की तुपात बुडवलेली बट्टी. शेवभाजीचा तेलकट रस्सा. भरताबरोबरची पुरी. मिनिएचर श्नाउझर जातीत रक्तातली चरबी वाढण्याची प्रवृत्ती जात्याच असते आणि तेलातुपाच्या खाण्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. जळगावातल्या एका घरी साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी असाच कुत्रा आजारी झाला. उलट्या, पोट आखडलेलं, पुढचे पाय ताणून मागचा भाग वर केलेला. डॉक्टरांनी सलाइनवर ठेवून वाचवला. त्यांच्या घरच्या काकू मला म्हणाल्या, "तो डोळ्यांनी मागतो हो, मग देवं वाटतं." मला त्यांचं मन कळत होतं. मी त्यांना उकडलेलं अंडं, कांदा-मीठ न घातलेला भोपळा, कातडी काढलेलं उकडलेलं चिकन असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं वाचून दाखवलं आणि ते स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवून ठेवलं. पुढच्या वेचणीला त्याचा केस हाताला वेगळा लागला.

पाठीवर काळ्या टोकाच्या बारीक पुळ्या हीसुद्धा श्नाउझर जातीची तक्रार. मालक त्या घाण समजून जोराने घासतात आणि जखमा करतात. कोमट पाणी, डॉक्टरांनी सांगितलेला शाम्पू आणि घासणं बंद, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं.

पावसाळ्यानंतर आमच्या कामाचा रंग बदलतो. लळिंगच्या डोंगराकडे किंवा पांझरेच्या काठाने कुत्रं मोकळं सोडलं की दाढीत आणि पायांच्या झालरीत कुसळं, आघाड्याचं बी, गोखरू अडकतं. कुसळ वरवर दिसायला निरुपद्रवी असतं, पण त्याचं टोक एकाच दिशेने पुढे सरकतं आणि बोटांच्या बेचक्यातून, कानातून आत शिरतं. मग पू, लंगडणं, कान झटकणं. त्या दिवसांत मी आधी पंजे उघडून बघतो, मगच कंगवा उचलतो. आणि गोचीड तर बारमाही. मादी रक्त पिऊन टम्म झाली की कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, ओट्याखाली हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्रं साफ करून भागत नाही, घराच्या फटीही बघाव्या लागतात. गोचिडांमधून अर्लिकियासारखे ताप येतात, रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात, कधी नाकातून रक्त येतं. गावाकडे गुरांवर मारायचं गोचिडाचं औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्यावर ओततात. त्याने थरथरत आलेली कुत्री मी डॉक्टरांकडे उचलून नेली आहेत. हे कृपा करून कोणी करू नका.

साक्री रस्त्याला ठेलारी मेंढपाळांचा वाडा उतरलेला असला की मी थांबतो. मेंढ्यांची कातरणी वर्षातून दोनदा, आणि त्यातही कोकराच्या पहिल्या लोकरीचं, जावळाचं, महत्त्व वेगळं, कारण ती सगळ्यात मऊ. पुढे तीच मेंढी राठ लोकर देते. त्या माणसांचे हात मी न्याहाळतो. मेंढी आडवी केली की तिचं डोकं त्यांच्या मांडीत असतं आणि ती धडपडत नाही. धरण्यातला हा शांतपणा मला माझ्या टेबलावर हवा असतो. धुळ्यातला तो फॉक्स टेरियर पहिल्यांदा माझ्या हातात आला तेव्हा तोंडाला जाळी घातल्याशिवाय कोणाला जवळ येऊ देत नसे. आधी कुठेतरी त्याला बांधून, दाबून मशीन फिरवली होती, तिची गरम पाती पोटाला लागली होती. त्याचा मी पहिल्या भेटीत एकही केस काढला नाही. त्याच्या घरी जमिनीवर बसलो, चहा घेतला, त्याने हात हुंगला, निघालो. पुढच्या वेळी मानेवरचे थोडे केस. मग खांदा. मालक निवृत्त शिक्षक होते, त्यांना घाई नव्हती, हे त्या कुत्र्याचं भाग्य. वर्ष सरता सरता तो कुशीवर पडून पाय वर करू लागला. सर तेव्हा आतल्या खोलीतून पत्नीला हाक मारून घेऊन आले.

याच सरांच्या कुत्र्याने माझा हट्टही मोडला. तो म्हातारा झाला. सांधे धरले, टेबलावर उभं राहणं जमेना, कातडी पातळ झाली. केस सुटायला आलेले असूनही ओढले की तो चमकायचा. मी हात थांबवला आणि सरांना म्हटलं, आता मशीन. त्यांना आश्चर्य वाटलं, कारण माझ्याच तोंडून त्यांनी इतकी वर्षं मशीनविरुद्ध ऐकलं होतं. पण त्या वयात त्याचा रंग फिका पडला काय नि केस मऊ झाला काय. पंधरा मिनिटांत, गादीवर झोपलेल्या अवस्थेत, काम होणं त्याच्या सुखाचं होतं. तेव्हापासून नियम असा ठेवला आहे: म्हातारं, आजारी, घाबरलेलं, किंवा ऑपरेशननंतरचं कुत्रं असेल तर वेचणी नाही. वंध्यीकरणानंतरही काहींचा केस लोकरीसारखा मऊ पडतो आणि हाताने सुटत नाही. त्यांनाही मशीनच बरी. मात्र केस सगळीकडे सारखा विरळ होऊ लागला, दोन्ही कुशींवर आरशात बघितल्यासारखे एकसारखे चट्टे पडले, कुत्रं सुस्त आणि जाड झालं, तर मी कोणतंही हत्यार उचलत नाही. थायरॉइडची तपासणी करा म्हणतो. केसांवर हात फिरवता फिरवता गाठी सापडतात, कानाची घाण वासावरून कळते, गळपट्ट्याखाली चिघळलेली जखम दिसते. डॉक्टरांकडे कुत्रं वर्षातून एकदा-दोनदा जातं. माझ्याकडे ते दर दीड महिन्याने येतं. एका श्नाउझरच्या स्तनाजवळची हरभऱ्याएवढी गाठ अशीच बोटाला लागली आणि वेळेत काढली गेली.

वडील आता नाहीत. शेवटच्या काही वर्षांत ते जळगावला माझ्याकडे राहत आणि दुपारी दुकानात येऊन बसत. कुत्र्यांना त्यांनी कधी हात लावला नाही, पण माझा डावा हात ढिला पडला की खुर्चीवरून आवाज यायचा. नात्यातलं बोलणंही निवळलं. जो चुलतभाऊ सगळ्यात जास्त टोचून बोलला होता, त्याचा मुलगा सध्या माझ्याकडे शिकतो आहे. पहिले दिवस त्यालाही हत्यार दिलेलं नाही.

हे काम हात खातं, हे मात्र उघडपणे सांगायला हवं. अंगठ्याच्या बुडाचा सांधा थंडीत सकाळी वळत नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. म्हणून आता पूर्ण वेचणीची कुत्री मी कमी घेतो आणि ज्यांच्या घरी राठ केसांचं कुत्रं आहे त्यांना रविवारी सकाळी बोलावून त्यांच्याच कुत्र्यावर शिकवतो. रोज संध्याकाळी बातम्या बघताना मांडीवर घेऊन पाठीवरचे वीस-पंचवीस केस काढले तरी वर्षभराचं काम हलकं होतं. पंजे, कान आणि नखं तेवढी माझ्याकडे. त्याने माझं उत्पन्न घटलं आहे, हे खरं आहे. पारोळ्याच्या आजींना शिकवावं लागलं नाही. त्यांचा श्नाउझर मागच्या फाल्गुनात आला तेव्हा पाठ सगळी वेचलेली होती, फक्त कानामागचं आणि पोटाखालचं ठेवलं होतं, आणि सोबत निरोप होता की तिथली कातडी कवळी आहे, तिथे भाऊनेच हात घालावा.